महाराष्ट्रातून संयुक्त अरब अमिरातीशी व्यापार: सेपा कराराचा लाभ कोणत्या क्रमाने घ्यावा

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. व्यापारी वर्तुळात त्याला ‘सेपा’ म्हणतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात दोन्ही देशांतील मालाच्या व्यापाराने १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. मात्र या आकड्याचा मोठा भाग कच्चे तेल, सोने, हिरे आणि मोठ्या कंपन्यांचे व्यवहार यांचा आहे. सांगली, इचलकरंजी, जळगाव किंवा नाशिकमधील लहान-मध्यम उद्योजकाला कराराचा फायदा आपोआप मिळत नाही. त्यासाठी काही कामे ठरावीक क्रमाने करावी लागतात. हा क्रम चुकला तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात, आणि सर्वाधिक चुकतो तो याच ठिकाणी: माल, ग्राहक आणि वसुली यांची जुळणी होण्याआधीच अनेक जण दुबईत कंपनी काढून मोकळे होतात. दुबईतील परवाना ही या वाटेवरची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे, हे गृहीत धरूनच पुढील मांडणी केली आहे.

महाराष्ट्राचा आखाताशी संबंध या कराराहून कितीतरी जुना आहे. आखाती किनाऱ्यावरील मोती विक्रीसाठी मुंबईत येत असत आणि आजच्या अमिरातींत १९६६ पर्यंत रुपयाच चलन म्हणून वापरात होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक खास त्या भागासाठी वेगळ्या नोटा छापत असे. आज न्हावा शेवा बंदरातील एक प्रमुख कंटेनर टर्मिनल दुबईची डीपी वर्ल्ड ही कंपनी चालवते आणि तिथून निघालेला कंटेनर साधारणपणे आठवडाभराच्या आत दुबईच्या जबेल अली बंदरात पोहोचतो. एवढी जवळची, सरावाची आणि मराठी माणसांचा मोठा वावर असलेली बाजारपेठ नव्या निर्यातदाराला दुसरी क्वचितच मिळेल.

पहिली पायरी: आपल्या मालाला कराराचा फायदा आहे का, हे तपासणे

प्रत्येक वस्तूला एक एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक, असतो. त्याचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि त्यापुढील अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो. उदाहरणार्थ, हळदीसाठी ०९१० ३०, ताज्या द्राक्षांसाठी ०८०६ १० आणि कांद्यासाठी ०७०३ १० हे सहा अंक वापरले जातात. आपल्या मालाचा नेमका कोड कोणता, हे सीमाशुल्क दलालाच्या, म्हणजे सीएचएच्या, तोंडी अंदाजावर न सोडता लेखी ठरवून घ्यावे, कारण जकात, सवलत, उगमाचा नियम आणि परताव्याचा दर हे सारे याच कोडवर अवलंबून असते.

त्यानंतर अमिरातीत त्या कोडवर किती जकात लागते ते पाहावे. आखाती देशांच्या सामाईक व्यवस्थेत बहुतेक मालावर ५ टक्के जकात आहे आणि ती मालाची किंमत, जहाजभाडे व विमा यांच्या एकत्रित रकमेवर मोजली जाते. सेपामुळे अमिरातीने ८० टक्क्यांहून अधिक जकात-नोंदींवरील शुल्क पहिल्याच दिवशी शून्यावर आणले आणि भारताच्या तिथल्या निर्यातीपैकी मूल्याने सुमारे ९० टक्के माल त्यात आला. उरलेल्यांपैकी बऱ्याच नोंदींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, तर काही वस्तू सवलतीच्या बाहेर आहेत. त्यामुळे करारातील अमिरातीचे जकात-वेळापत्रक उघडून आपला कोड कोणत्या वर्गात येतो हे स्वतः पाहिल्याशिवाय ग्राहकाला शून्य जकातीचा शब्द देऊ नये.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ताजी फळे आणि भाज्या यांपैकी बराच माल आखातात सेपाच्या आधीपासूनच जकातमुक्त आहे. म्हणून कांदा, द्राक्षे किंवा करमाळा-इंदापूर पट्ट्यातील केळी पाठवणाऱ्याला या करारातून जकातीचा वेगळा लाभ फारसा नाही. त्याचे यश प्रत, शीतसाखळी आणि वेळेवर पोहोच यांवर ठरते. कराराचा खरा फायदा आहे तो दागिने, कापड व तयार कपडे, प्लास्टिकच्या वस्तू, अभियांत्रिकी सुटे भाग, रसायने आणि प्रक्रिया केलेले काही खाद्यपदार्थ यांना. अमिरातीने जानेवारी २०१७ मध्ये सोन्याच्या दागिन्यांवर ५ टक्के जकात लावली तेव्हा भारतीय दागिन्यांच्या निर्यातीला, आणि त्याबरोबर मुंबईतील सीप्झ या निर्यात क्षेत्रातील कारखान्यांना, मोठा फटका बसला होता; सेपाने ती जकात काढली, म्हणूनच या क्षेत्राला कराराचे मोल सर्वांत आधी कळले. औषध उद्योगासाठी तर जकातीपेक्षा दुसरीच तरतूद महत्त्वाची आहे: अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलिया येथील नियामकांची मान्यता असलेल्या आणि ठरलेले निकष पूर्ण करणाऱ्या भारतीय औषधांना अमिरातीत ९० दिवसांत नोंदणी मिळण्याची सोय या करारात आहे.

जकातीची सवलत प्रथम आयातदाराच्या पदरात पडते, निर्यातदाराच्या नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. वीस हजार डॉलरच्या खेपेवर ५ टक्के म्हणजे एक हजार डॉलर वाचतात, पण ते वाचतात आयातदाराचे. त्यातील वाटा चांगल्या दराच्या, लवकर पैसे मिळण्याच्या किंवा मोठ्या मागणीच्या रूपाने आपल्याकडे यावा असे वाटत असेल, तर भावाची बोलणी करतानाच तो विषय काढावा लागतो. अमिरातीतील ५ टक्के मूल्यवर्धित कर हा वेगळा असून तो सेपामुळे माफ होत नाही.

दुसरी पायरी: मालाचा उगम सिद्ध करणे

शून्य जकात भारतातून निघालेल्या प्रत्येक मालाला मिळत नाही. ती ‘भारतीय उगमाच्या’ मालालाच मिळते. सांगलीच्या शेतात पिकलेली आणि इथेच दळलेली हळद संपूर्णपणे भारतीय ठरते, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण एखादा उद्योजक आयात केलेले प्लास्टिकचे दाणे किंवा परदेशी पोलाद वापरत असेल, तर त्या कच्च्या मालावर पुरेशी प्रक्रिया भारतात झाली हे त्याला दाखवावे लागते. अनेक औद्योगिक वस्तूंसाठी दोन अटी एकत्र लागू होतात: तयार मालाचा एचएस कोड आयात केलेल्या कच्च्या मालाच्या कोडहून वेगळा असला पाहिजे आणि सुमारे ४० टक्के मूल्यवर्धन भारतात झालेले असले पाहिजे. काही वस्तूंना स्वतंत्र नियम आहेत. त्यामुळे आपल्या कोडसमोरचा नियम करारातील यादीत शोधून त्याची छापील प्रत खर्चपत्रकासोबत ठेवावी.

हे खर्चपत्रक, म्हणजे कॉस्ट शीट, आधी तयार करणे आवश्यक आहे. त्यात कच्च्या मालाची प्रत्येक बाब, तिचा देश, खरेदीची बिले, मजुरी, इतर खर्च आणि कारखान्यातून बाहेर पडतानाची किंमत असावी. प्रमाणपत्र देणारी संस्था हे मागू शकते आणि अमिरातीच्या सीमाशुल्क खात्याला शंका आली तर पडताळणी काही काळानंतरही होऊ शकते. त्या वेळी कागद सापडला नाही तर दिलेली सवलत परत घेतली जाते, आयातदाराला फरक भरावा लागतो आणि ग्राहक कायमचा दुरावतो.

उगमाचे प्रमाणपत्र विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन मागवले जाते. अर्जात करार म्हणून भारत-अमिराती सेपाचीच निवड करावी. चेंबर ऑफ कॉमर्स देत असलेले सर्वसाधारण उगम प्रमाणपत्र मालाचा देश सांगते, पण जकातीची सवलत देत नाही, आणि नेमका हाच घोटाळा नव्या निर्यातदारांकडून वारंवार होतो. प्रमाणपत्रावरील मालाचे वर्णन, वजन, बिल क्रमांक आणि कोड हे बीजक व बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, यांच्याशी अक्षरशः जुळले पाहिजेत. माल रवाना झाल्यानंतरही प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु तोवर आयातदाराने पूर्ण जकात भरून माल सोडवला असेल तर पुढची सारी कटकट त्याच्या माथी येते.

माल तिसऱ्या देशातून जात असेल तर तिथे त्यावर चढउतार किंवा साठवणुकीपलीकडे काही काम होता कामा नये. न्हावा शेवा ते जबेल अली अशी थेट वाहतूक उपलब्ध असल्यामुळे महाराष्ट्राला ही अट फारशी जड जात नाही.

तिसरी पायरी: इथल्या नोंदण्या

हा भाग तुलनेने सोपा आहे आणि त्यावर मध्यस्थांना मोठी रक्कम देण्याचे कारण नाही. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, पॅनवर आधारित असून ५०० रुपये शुल्क भरून ऑनलाइन मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, मग काही बदल झालेला नसला तरी. त्यानंतर ज्या बँकेत परकीय चलन जमा होणार तिचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, आइसगेट या सीमाशुल्क व्यवस्थेत नोंदवावा. जीएसटी आगाऊ न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने दाखल करावे. मार्चअखेरीस ते विसरल्यामुळे एप्रिलमधील पहिली खेप अडकण्याचे प्रकार घडतात.

मालाच्या प्रकारानुसार निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्व घ्यावे. रत्ने-दागिने, रसायने, प्लास्टिक, सुती कापड अशा अनेक परिषदांची मुख्य कार्यालये मुंबईतच आहेत, ही राज्यातील उद्योजकाची मोठी सोय आहे. फळे, भाज्या व प्रक्रिया पदार्थांसाठी अपेडा हे केंद्रीय प्राधिकरण आणि मसाल्यांसाठी मसाला मंडळ यांच्याकडे नोंदणी करावी लागते. हळद, मिरची किंवा गरम मसाला पाठवणाऱ्याने मसाला मंडळाकडील निर्यातदार नोंदणी आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना हे दोन्ही आधीच हाताशी ठेवावेत.

चौथी पायरी: तिथले नियम आणि लेबल

संयुक्त अरब अमिराती हा सात अमिरातींचा, म्हणजे राज्यांचा, संघ आहे. जकात देशभर सारखी असली, तरी खाद्यपदार्थांची नोंदणी आणि तपासणी यांत अमिरातीनुसार फरक पडतो. दुबईत खाद्यपदार्थ व सौंदर्यप्रसाधने यांची नोंदणी दुबई महानगरपालिकेकडे होते आणि ती सर्वसाधारणपणे तिथला आयातदार करतो. लेबलवर अरबी मजकूर, घटकपदार्थ, उत्पादनाची व संपण्याची तारीख आणि उत्पादक देश असणे आवश्यक आहे. मूळ पाकीट इंग्रजीत छापून नंतर अरबी चिकटपट्टी लावण्याची पद्धत आहे, परंतु तारखा मात्र छापीलच असाव्या लागतात. त्या चिकटपट्टीने बदललेल्या दिसल्या तर माल अडवला जातो. विद्युत उपकरणे, खेळणी, काही बांधकाम साहित्य यांना उद्योग मंत्रालयाचे अनुरूपता प्रमाणपत्र लागते. मांस आणि प्राणिजन्य घटक असलेल्या पदार्थांना मान्यताप्राप्त संस्थेचे हलाल प्रमाणपत्र आवश्यक आहे. जिलेटिन वापरलेल्या गोळ्या-मिठायांच्या बाबतीत हा मुद्दा हमखास निसटतो.

छपाईच्या आधी लेबलचा मसुदा आयातदाराकडून मंजूर करून घ्यावा आणि ती मंजुरी ईमेलवर असावी. हजारो पाकिटे छापल्यावर सुधारणा करणे लहान उद्योगाला परवडत नाही.

पाचवी पायरी: ग्राहक शोधणे आणि त्याची पत तपासणे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ग्राहक शोधण्याचे मार्ग अनेक आहेत. दुबईत दरवर्षी भरणारे गल्फूड प्रदर्शन खाद्यपदार्थांसाठी जगातील अग्रगण्य मानले जाते. निर्यात परिषदांच्या सामूहिक दालनातून तिथे जागा घेतली तर खर्च बराच कमी होतो. अल अवीर येथील भाजी-फळांच्या घाऊक बाजारात भारतीय व्यापारी मोठ्या संख्येने आहेत. अबुधाबीतील भारतीय दूतावास आणि दुबईतील वाणिज्य दूतावास यांचे व्यापार विभाग आयातदारांची माहिती देतात. जबेल अली परिसरात डीपी वर्ल्डतर्फे उभारल्या जाणाऱ्या ‘भारत मार्ट’ या घाऊक विक्री व साठवण केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. भारतीय लघुउद्योगांना तिथे माल ठेवून आखात, आफ्रिका आणि मध्य आशियातील खरेदीदारांना दाखवता यावा हा त्यामागील हेतू आहे. दुबई ही केवळ अमिरातीची बाजारपेठ नाही, तिथून मोठ्या प्रमाणावर पुनर्निर्यात होते, हे समजून घेतले तर मागणीचे प्रमाण आणि मालाची प्रत यांविषयीचा अंदाज अधिक नेमका येतो.

ग्राहक सापडला की त्याच्या व्यापार परवान्याची प्रत मागवावी आणि अमिरातीच्या आर्थिक मंत्रालयाच्या राष्ट्रीय नोंदवहीत तो परवाना चालू आहे का, मालक कोण आहेत आणि परवान्यावर कोणत्या व्यवसायाची नोंद आहे, हे पाहावे. मोबाइल फोनच्या व्यापाराचा परवाना असलेली कंपनी अचानक मोठ्या प्रमाणात मसाले मागत असेल तर तिथेच थांबावे. ओळखीच्या माणसाने सुचवलेला ग्राहक असला तरी ही तपासणी वगळू नये. आपल्याकडे नातेसंबंध आणि गाववाले यांच्या शब्दावर व्यवहार होतात आणि त्या सवयीत चांगुलपणा आहेच, पण समुद्रापलीकडील वसुलीला तो पुरा पडत नाही.

पैशांच्या अटी ठरवताना पहिल्या दोन-तीन खेपांसाठी काही रक्कम आगाऊ आणि उरलेली बँकेतून कागदपत्रे सोडवताना, किंवा चांगल्या बँकेचे अपरिवर्तनीय पतपत्र, म्हणजे एलसी, यांचा आग्रह धरावा. अमिरातीतील आयातदार बहुधा ६० ते ९० दिवसांची उधारी मागतात आणि हमी म्हणून पुढच्या तारखेचा धनादेश देऊ करतात. जानेवारी २०२२ पासून तिथे अपुऱ्या शिलकीमुळे न वटलेल्या धनादेशाला बहुतांश प्रकरणांत फौजदारी गुन्हा मानले जात नाही. मात्र तो थेट अंमलबजावणी न्यायालयात नेता येतो. म्हणजे धनादेशाला किंमत आहे, पण पूर्वीइतका धाक नाही. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचे विमा संरक्षण त्या ग्राहकाच्या नावावर मर्यादा मंजूर करून आधी घ्यावे. ईसीजीसीने एखाद्या ग्राहकाला मर्यादा नाकारली तर तो नकार हीच सर्वांत मौल्यवान माहिती समजावी.

सर्वांत मोठी जोखीम मूळ बिल ऑफ लेडिंग हातातून सोडण्यात आहे. हा कागद म्हणजे मालावरचा हक्क. आयातदार घाई करतो, बंदरातील विलंब शुल्क वाढत असल्याचे सांगतो आणि ‘टेलेक्स रिलीज’, म्हणजे मूळ कागदाविना माल सोडण्याची सूचना, मागतो. पैसे आल्याची खात्री आपल्या बँकेकडून झाल्याशिवाय तो देऊ नये. पैसे भरल्याच्या पावतीचे छायाचित्र ही खात्री नव्हे.

चलनाबाबत एक सोय आहे. अमिरातीचे चलन दिरहम हे १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेले आहे, त्यामुळे दिरहममध्ये भाव दिला तरी डॉलरच्या तुलनेत जोखीम वाढत नाही. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात रुपया व दिरहम यांत थेट व्यवहार करण्यासाठी सामंजस्य करार झाला. रुपयात बीजक करता आले तर विनिमय दराची चिंता आयातदाराकडे जाते, म्हणून त्याची संमती मिळवणे सोपे नाही. तरी जुन्या, विश्वासू ग्राहकाशी हा पर्याय बोलून पाहावा आणि आपली बँक तो हाताळते का हे आधी विचारावे.

सहावी पायरी: माल पाठवणे आणि वसुलीची नोंद

पहिली खेप लहान असावी. शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडील निर्यातीचा अर्ज, भरताना रोडटेप योजनेचा किंवा ड्रॉबॅकचा, म्हणजे निर्यात मालावरील करांच्या परताव्याचा, दावा त्याच वेळी नोंदवावा, कारण नंतर तो जोडणे अतिशय कठीण जाते. शिपिंग बिलातील बीजक क्रमांक आणि जीएसटी विवरणपत्रातील नोंद यांत फरक राहिला तर परतावा अडकतो. पैसे आल्यावर बँकेत ती रक्कम योग्य शिपिंग बिलाशी जोडली गेली आहे आणि इलेक्ट्रॉनिक वसुली प्रमाणपत्र तयार झाले आहे, हे दर महिन्याला पाहावे. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मुदतीत वसुली न झाल्यास निर्यातदाराचे नाव सावधानतेच्या यादीत जाऊ शकते आणि पुढील निर्यात अवघड होते.

वाहतुकीचा एक भौगोलिक मुद्दा नेहमी लक्षात असावा. जबेल अली हे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे, तर खोर फक्कान आणि फुजैरा ही बंदरे तिच्या बाहेर, अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. त्या भागात तणाव वाढला की युद्धजोखमीचा विमा आणि जहाजभाडे दोन्ही चढतात. त्यामुळे जहाजभाड्यासह भाव दिलेला असेल तर तो किती दिवस वैध आहे आणि वाढीव अधिभार कोण भरणार, हे करारातच लिहावे.

कृषिमालासाठी आणखी एक अनिश्चितता आपल्याच देशातून येते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. मार्च २०२४ मध्ये अमिरातीसाठी १४,४०० टन कांदा पाठवण्यास परवानगी मिळाली, पण ती सरकारी सहकारी संस्थेमार्फत. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लागले, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे बांधलेली गिऱ्हाइके या काळात इतर देशांकडे वळली, ही हानी कोणत्याही जकात-सवलतीने भरून येणारी नाही. म्हणून कांद्याच्या विक्री करारात सरकारी निर्बंध आल्यास दोन्ही बाजू दंडाविना मोकळ्या होतील असे कलम असलेच पाहिजे, आणि शक्य असेल तिथे निर्जलित कांदा किंवा इतर प्रक्रिया माल यांची जोड द्यावी.

सातवी पायरी: अमिरातीत कंपनी काढावी का?

वर्षभर नियमित खेपा जात असतील, तिथे साठा ठेवून लहान ग्राहकांना पुरवठा करण्याची मागणी असेल किंवा आफ्रिकेकडे पुनर्निर्यातीची संधी दिसत असेल, तरच हा प्रश्न विचारात घ्यावा. जबेल अली मुक्त क्षेत्र, म्हणजे जकातीच्या सवलतीचा व्यापारी पट्टा, १९८५ पासून आहे. शारजा, रास अल खैमा येथील क्षेत्रे तुलनेने स्वस्त आहेत. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत मुख्य भूमीवरही, म्हणजे मुक्त क्षेत्रांच्या बाहेरही, १०० टक्के परकीय मालकी चालते, त्यामुळे स्थानिक भागीदाराला ५१ टक्के देण्याची जुनी अट आता सर्वत्र राहिलेली नाही. अमिरातीच्या देशांतर्गत बाजारात थेट विकायचे असेल तर मुख्य भूमीचा परवाना सोयीचा पडतो. पुनर्निर्यातीसाठी मुक्त क्षेत्र बरे.

‘दुबईत कर नाही’ हे वाक्य आता खरे नाही. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना ३,७५,००० दिरहमपेक्षा अधिक करपात्र नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागू झाला आहे. मुक्त क्षेत्रातील शून्य कर हा केवळ अटी पूर्ण करणाऱ्या उत्पन्नापुरता आहे.

भारताकडील नियम त्याहून महत्त्वाचे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनी आपल्या शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील निव्वळ मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत परदेशात गुंतवू शकते, तर व्यक्तीला वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत परदेशी गुंतवणुकीचा एफसी हा अर्ज करून त्या परदेशी कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेचा एकमेव ओळख क्रमांक घ्यावा लागतो. भाग, म्हणजे शेअर, मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत आणि कामगिरीचा वार्षिक अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. मुक्त क्षेत्राचा परवाना क्रेडिट कार्डावर किंवा तिथल्या मित्राच्या खात्यातून काढून नंतर कागद जुळवण्याचा सल्ला देणारे अनेक भेटतात. तो सल्ला मानू नये: परकीय चलन कायद्याचा भंग होतो, आणि प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्ता न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय आपल्याच दुबईच्या कंपनीला माल विकताना भाव बाजारभावाशी सुसंगत ठेवावा लागतो आणि त्याचा चार्टर्ड अकाउंटंटकडून स्वतंत्र अहवाल करून घ्यावा लागतो.

उलट दिशेचा पैसा: अमिरातीतून महाराष्ट्रात

देशात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो आणि अमिरातीचा समावेश भारतातील आघाडीच्या गुंतवणूकदार देशांत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेला नवा द्विपक्षीय गुंतवणूक करार त्याच वर्षी ३१ ऑगस्टपासून लागू झाला; वादात आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्यापूर्वी देशी न्यायालयांत दाद मागण्याची सक्तीची मुदत त्यात पाचऐवजी तीन वर्षे ठेवली आहे. दुबईतील भागीदार आपल्या कारखान्यात पैसा घालायला तयार असेल, तर त्याच्याशी बोलताना ही तरतूद माहीत असणे उपयोगी पडते.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र तारखा अधिक महत्त्वाच्या ठरतात. परकीय भागभांडवल बँकेत आल्यापासून ६० दिवसांत भागांचे वाटप करावे लागते आणि वाटपानंतर ३० दिवसांत एफसी-जीपीआर, म्हणजे परकीय गुंतवणूकदाराला भाग दिल्याची माहिती देणारा अर्ज, रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेत दाखल करावा लागतो. भागांची किंमत मान्य पद्धतीने काढलेल्या मूल्यांकनापेक्षा कमी असता कामा नये, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल पैसे येण्याआधी तयार ठेवावा. जमीन, वीज, पाणी आणि पर्यावरणविषयक परवानग्यांसाठी राज्य सरकारच्या ‘मैत्री’ या एक खिडकी व्यवस्थेतून अर्ज करता येतो. एमआयडीसीच्या भूखंडासाठी परकीय भागीदाराचे नाव सुरुवातीपासून प्रस्तावात असेल तर नंतर हस्तांतराचे शुल्क आणि परवानगी यांचा प्रश्न उद्भवत नाही.

दुबई-अबुधाबीत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबातील व्यक्ती गावाकडील भावाच्या कारखान्यात पैसे घालणार असेल, तर तिच्यासाठी आणखी सोपा मार्ग आहे. अनिवासी भारतीयाने परत न नेण्याच्या अटीवर केलेली गुंतवणूक देशांतर्गत गुंतवणुकीसारखी मानली जाते आणि तिच्यासाठी एफसी-जीपीआर दाखल करावा लागत नाही. मात्र पैसे बँकेच्या रीतसर मार्गाने यावेत, ही गुंतवणूक परतीविना असल्याचे कंपनीच्या ठरावात लिहिलेले असावे, आणि या मार्गानेही शेतजमीन खरेदी करता येत नाही, हे त्या कुटुंबाने पैसे पाठवण्यापूर्वीच आपसांत स्पष्ट करून घ्यावे.